ओलांडलेली पानं

६ जानेवारी

ठेवली! स्वतःचीच कादंबरी, दादाच्या नावानं, आपल्याच ऑफिसातल्या टपालाच्या ढिगात. मांजर माती लोटतं तशी वर दोन दुसरी पाकिटं लोटली आणि चहा प्यायला गेले. चहा सांडला. मालक म्हणाले, "लेखक मंडळी, बशी कशासाठी असते?"

मालक यंदा नव्या माणसाचं एकच पुस्तक काढणार. एकच! "कागद काय झाडाला लागतो का?" म्हणाले, आणि मग स्वतःच विचारात पडले.

कुठलं पुस्तक, ते बाई ठरवणार.

७ जानेवारी

बाईंबद्दल इथे कधी नीट लिहिलंच नाही. रोज भेटणारं माणूस लिहायचं राहूनच जातं.

चार कादंबऱ्या. पहिली ओट्याशी उभ्यानं लिहिली, नवऱ्याच्या दवाखान्यातल्या रद्दी कागदांच्या पाठीवर. दुसरीवर लोक इतके चिडले की दूधवाल्यानं दोन दिवस दूध घातलं नाही. ("त्यानं वाचली नव्हती गं. त्याच्या मेहुण्यानं ऐकली होती.") तिसरी आम्हाला कॉलेजात होती, म्हणून मला पाठ आहे आणि आवडत नाही. चौथीनंतर नवरा गेला आणि लिहिणं थांबलं. मग नुसती संपादकी — आधी मासिक, आता आमचं प्रकाशन. लिहिणाऱ्यांपैकी अर्ध्यांची वाक्यं त्यांनी सरळ केलीत. उरलेले अर्धे त्यांना शिव्या देतात.

आता डोळे गेलेत. पूर्ण नाही. मधलं जातं, कडेचं राहतं. "तुझे कान दिसतात, मधे नुसतं धुकं. कान बरे आहेत तुझे." म्हणून मी. सकाळी कोपऱ्यावरून शेंगा घ्यायच्या, बाईंच्या घरी जायचं, आलेलं हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं. त्या शेंगा फोडत ऐकतात. कट, कट, कट. लिखाण जमलं की हात थांबतात. बस्, एवढंच. हात थांबतात त्यावर पुस्तकाचं नशीब ठरतं. लेखकांना कळलं तर शेतंच्या शेतं जाळतील!

मी काहीतरी प्रयोग करून लिहीत असते हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक, म्हणून बाई मला 'प्रयोगशाळा' म्हणतात. "ये गं प्रयोगशाळे. काल काही फुटलं का?"

तोंडावर 'माझं ऐका' म्हणाले असते तर त्यांनी प्रेमानं ऐकलं असतं. मला प्रेम नको, खरं काय ते हवं. (हे वाक्य बरं आहे. कुठेतरी घालायला हवं. — बघा, मी ही अशी.)

१५ जानेवारी

आज माझी निघाली.

"कुणाची?"

"एक मुलगा आहे. पहिलीच दिसते."

जीभ जराही अडखळली नाही. दादा लेखक झाला! दादा, जो पेपरात फक्त हवामान वाचतो.

पहिलं प्रकरण — छताचा पंखा बोलतो, एकही पूर्णविराम नाही. लिहिताना केवढी मजा आली होती. वाचताना दम लागला. स्वतःच्याच वाक्यात मला श्वास घ्यायला जागा नाही! कट. कट. कट. तिसऱ्या पानावर तर दोन-दोन शेंगा एकदम.

"दमलीस? पाणी पी. आणि या मुलाला कुणीतरी पूर्णविराम नेऊन द्या रे."

१६ जानेवारी

नुसते स्वल्पविराम असलेलं पान कसं वाचायचं? मी गप्प बसून राहिले. बाई म्हणाल्या, "काय झालं? दिवे गेले?"

१७ जानेवारी

थांबले! हात एकदा थांबले!

पण कुठे — तर चपलांवर. बाबा गेल्यावर आईनं त्यांच्या चपला दारातून हलवल्या नाहीत. झाडताना रोज उचलते, परत तिथेच ठेवते. एका ओळीचं साधं वाक्य. जुनाट वाटलं म्हणून मी ते काटणार होते. काटायचं राहून गेलं होतं.

१८ जानेवारी

बाईंचा निकाल: "हुशार आहे. पाहुणे दारात उभे आणि हा आत फर्निचर हलवतोय. पण चपला... चपला बघितल्यात यानं. बाजूला ठेव. याहून बरं काही आलं नाही तर हाच."

याहून बरं काही आलं नाही तर!! म्हणजे झालंच की! घरी येऊन वहिनीला उचलायला गेले. वहिनी म्हणाली, "खाली ठेव मला, दूध उतू जातंय."

२४ जानेवारी

एक प्राध्यापक आले होते. बाईंच्या कादंबऱ्यांवर मोठा ग्रंथ लिहितायत. त्यांचा शोध असा की चारही कादंबऱ्यांत आभाळ नाही. भिंती आहेत, भांडी आहेत, गल्ल्या आहेत, माणसं तर विचारूच नका — आभाळ एकदाही नाही. का? कारण बाईच्या जातीला आकाश नाकारलेलं आहे, वगैरे. बाई शांतपणे म्हणाल्या, "असेल बाबा."

ते जिना उतरले आणि बाई हसायला लागल्या. इतक्या की मांडीवरची टरफलं घरभर!

"अगं, कसलं नाकारलेलं! माझा नवरा कंपाउंडर. औषधाची चिठ्ठी वाचावी तशी कादंबरी वाचायचा. संध्याकाळी मी पोळ्या लाटायची, तो माझं लिहिलेलं मोठ्यानं वाचायचा. आभाळ आलं की पठ्ठ्या ओलांडून पुढे! त्याला वाटायचं, हिला कळत नाही. मी लिहिलेलं मला पाठ नसेल? पण मी बोलायची नाही. दुसऱ्या दिवशी तेवढं काटून टाकायची. चार कादंबऱ्यांतलं आभाळ असं गेलं."

"भांडायचं तरी!"

"कंटाळ्याशी भांडता येतं का गं? वाचणाऱ्याची जीभ जे ओलांडते ना, ते मेलेलंच असतं. संपादकीतलं मला एवढंच येतं, आणि तेही त्यानं शिकवलं. तो माझा संपादक होता हे त्याला कधी कळलंच नाही बिचाऱ्याला."

मग बराच वेळ टरफलं गोळा करत बसल्या. चाचपडत. मी मदतीला वाकले तर "राहू दे" म्हणाल्या.

५ फेब्रुवारी

नवीन पाकीट. टाइप केलेलं, लेखकाचं नाव नाही, नुसता एक टपालपेटी क्रमांक. 'पुस्तक ठरल्यास नाव कळवीन' एवढंच. असले नखरे बघितलेत मी. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "वाच. नावाला काय चाटायचंय?"

एक मध्यमवयीन बाई. नवरा गेलाय. घर भेटायला येणाऱ्यांनी भरलंय. प्रत्येक जण विचारतो — जेवलीस का? शेजारीण विचारते, नणंद विचारते, विम्याचा माणूस सुद्धा कागदावर सही घेताना विचारतो. बस् एवढंच चाललंय. काही प्रयोग नाही, गंमत नाही.

आणि बाईंचे हात हललेच नाहीत. पहिल्या ओळीपासून. शेंगा ताटलीत, हात मांडीत. एकदा वाटलं, झोपल्या की काय. नाही — डोळे उघडे, मान माझ्या आवाजाकडे.

एकही शेंग नाही. असं कधीच झालं नव्हतं.

५ फेब्रुवारी, नंतर

पुढचं घरी आणून वाचलं. वाचायला नको होतं.

ती बाई गर्दीला कंटाळून गच्चीवर जाते. उताणी पडते. वर आभाळ. पानंच्या पानं आभाळ! दुपारचं भाजलेलं, संध्याकाळचं विटलेलं, ढग नसलेलं. त्यात काही म्हणजे काहीच घडत नाही. आणि मग ही ओळ —

'एवढं मोठं, आणि दिवसभरात एकदाही विचारलं नाही, जेवलीस का. बरं वाटलं.'

मी पानं मिटली. परत उघडली. परत वाचलं. खरं सांगायचं तर राग आला. कोण कुठली, नाव सांगत नाही, आणि अशी एक ओळ टाकून बसते! माझा पंखा, माझे स्वल्पविराम — पत्र्याचे डबे वाजवत होते मी वर्षभर.

ही ओळ बाईंनी ऐकली की संपलं. माझं पुस्तक गेलं.

६ फेब्रुवारी

ओलांडली. गच्चीची पानं. तेवढी पानं एकदम उलटायची आणि आधीचं शेवटचं वाक्य पुढच्या पानाला चिकटवायचं — इतकं सोपं. आवाज जराही हलला नाही. नायिका जिना चढली आणि पुढच्या श्वासात उतरली.

बाई म्हणाल्या, "एवढंच?"

"हो."

"बरं."

७ फेब्रुवारी

आजही. गच्ची तीनदा येते. तीनही वेळा ओलांडली. बाकीचं अगदी सरळ, सपाट वाचलं, यादी वाचावी तसं. मनाशी म्हटलं, भावना घालून वाचणं म्हणजे तरी लबाडीच की! — कसली कारणं सुचतात माणसाला. पाप करताना डोकं काय तरतरीत चालतं!

१० फेब्रुवारी

हात हलायला लागले. आधी एक शेंग, नुसती बोटात फिरवत. मग कट. मग हळूहळू नेहमीसारखं. कट, कट.

मी जिंकले. दुपारी जेवण गेलं नाही.

१२ फेब्रुवारी

संपली. बाईंनी मांडीवरची टरफलं ताटलीत झटकली. मग: "ही राहू दे माझ्याकडे. परत पाठवू नकोस. आणि त्या चपलावाल्याला बोलाव."

१३ फेब्रुवारी

माझं पुस्तक येणार.

(एवढंच लिहून अर्धा तास बसले. पुढचं वाक्य सुचत नाही. उद्गारचिन्हही लागत नाही.)

१७ फेब्रुवारी

मालकांना लेखकाला भेटायचंय. "बोलाव की त्या पोराला. चहा पाजू." दादाला विचारलं, माझा लेखक होशील का. दादा म्हणाला, "बोलावं लागेल का? मग नाही."

२० फेब्रुवारी

बसमध्ये, दुकानात, कुठेही पन्नाशीची एकटी बाई दिसली की वाटतं, हीच. आज एक जण औषधाच्या दुकानात सुटे पैसे शोधत होती. मी उगीच तिची पिशवी धरली. "राहू दे बाळ," म्हणाली. बाळ!

ती घरी बसून टपालाची वाट बघत असेल. मला ठाऊक आहे ना ते. मासिकांना कथा पाठवून मीही हेच केलंय. पोस्टमन शेजारी वळला की आपण दार किती हळू लावतो, ते तिला आणि मलाच ठाऊक.

२२ फेब्रुवारी

वहिनीला सांगितलं. सगळं नाही, पण बरंचसं. ती भाजी निवडत होती.

"म्हणजे परीक्षेत शेजारणीची पुरवणी लपवलीस."

"...तसंच."

"आणि पहिली आलीस."

"हो."

"मग आता तुझं अभिनंदन करू की कान पिळू? एकदा काय ते ठरव, मला कुकर लावायचाय."

मी रडायला लागले तर पदर पुढे केला आणि म्हणाली, "अगं, जाऊन सांग त्या बाईंना. फार तर काय, काढून टाकतील. नाहीतरी शेंगांपायी तुझा अर्धा पगार जातो."

२५ फेब्रुवारी

सांगायला गेले. दारातच बाई म्हणाल्या, "आज तुझे कान लाल दिसतायत. ताप आहे का?" हो म्हटलं. लिंबू-सरबत करून दिलं त्यांनी. दिसत नसताना. गाळणी सापडेना तर बोटांनी एकेक बी काढली. ते पिऊन परत आले.

२६ फेब्रुवारी

उद्या.

२७ फेब्रुवारी

उद्या.

३ मार्च

नवी युक्ती! सांगायचंच नाही, भरपाई करायची. 'मुलाच्या' नावानं चिठ्ठी दिली: कादंबरी अजून कच्ची वाटते, तूर्त छापू नये. मालक खवळले. "आजकालची पोरं! छापतो म्हटलं तर नको म्हणतात. माझ्या वेळी लोक पाया पडायचे." जागा रिकामी झाली. आता त्या बाईचीच निघेल, मी स्वतः तिला कळवीन, आणि पुस्तकात गच्ची पूर्ण छापली जाईलच. बाईंना कुठे वाचून बघता येतंय! कुणाचंच काही वाकडं होणार नाही.

वर्षभराची मेहनत दिली मी. पुरे ना?

बरीच हलकी झाले. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

६ मार्च

जसं झालं तसं लिहिते. शब्द बदलायचा नाही.

बाई म्हणाल्या, "त्या मुलानं अंग काढून घेतलं म्हणे."

"हो. कच्ची वाटते म्हणतो."

"शहाणा आहे. कधीतरी चांगलं लिहील." (गिळलं.) "मग आता ती दुसरी काढू. माझ्याकडे ठेवलेली."

मी खुर्चीतून उठलेच. "हो बाई! काढू या! फार चांगली आहे! मी तेव्हा —"

"चांगली नाहीये. पण होईल. बस खाली." मग ताटलीतली एक शेंग उचलली, परत ठेवली. "माझी आहे ती."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"डोळे पुरते जायच्या आधी लिहून काढली. टायपिंगवाल्याकडून उतरवून घेतली, त्यालाच टपालात टाकायला लावली. मालकांनाही ठाऊक नाही. माझं नाव असतं तर तू गळ्यात गहिवर आणून वाचली असतीस. इथे येणारा प्रत्येक जण तसंच वाचतो मला. मला तो गहिवर नको होता गं. मला माझा कंपाउंडर हवा होता."

मी खुर्चीत परत बसले.

"पहिल्यांदा आभाळ घातलं यात. म्हटलं, आता तो नाही, कोण ओलांडणार? पोटभर घातलं. आणि तू, पोरी, बरोब्बर तेच ओलांडलंस! तीनही वेळा! त्या दिवशी हात मांडीत धरून बसले होते, म्हटलं, ही वाचेल. आता वाचेल." आणि हसायला लागल्या. प्राध्यापक गेल्यावर हसल्या होत्या तशा. नाही — तशा नाही. "दोन दिवस वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मग म्हटलं, बाई गं, तीस वर्षं लोकांना हेच शिकवलंस, आता स्वतःवर आलं तर रडतेस? मेलेलं ते मेलेलं. शहाणा कान आहे तुझा. अगदी त्याच्यासारखा."

आता. आता बोलायचं होतं. बाई, ते मेलेलं नव्हतं. माझा जळफळाट झाला म्हणून ओलांडलं. तो चपलावाला मीच. सगळं तोंडात तयार होतं, महिनाभर पाठ केलेलं.

"उद्या येताना लाल पेन्सिल आण," बाई म्हणाल्या. "तू जे ओलांडलंस ते तूच काट. तुला आठवत असेलच."

आणि माझ्या तोंडून काय निघालं? — "जाड आणू की बारीक?"

७ मार्च

समोर बसवून काटायला लावलं. ऐकत होत्या. पेन्सिल कागदावरून फिरते त्याचा आवाज होतो, हे आज कळलं. मी गच्चीच्या पानावर एक कोरा कागद ठेवला आणि त्याच्यावर रेघा मारल्या. आडव्या, जोरात, भरपूर. खर्र. खर्र. बाईंची मान त्या आवाजाकडे, आणि प्रत्येक रेघेला डोळे किंचित मिटत होते — दुसऱ्याला इंजेक्शन देताना आपण मिटतो तसे.

"झालं?"

"झालं."

"बरीच होती, नाही?"

कोरा कागद घडी करून पर्समध्ये घातला. त्याच्यावर लालच लाल. घरी येऊन फाडला. मग वाटलं, फाडायला नको होता.

८ मार्च

म्हणजे हिशेब असा: पुस्तक पूर्ण छापलं जाईल. वाचकाला आभाळ मिळेल. बाईंना कळणार नाही. मी वाचवलं की चोरलं? एकाच कादंबरीवर दोनदा हात टाकला — पहिल्यांदा त्यांना न सांगता काढलं, आता त्यांना न सांगता घातलं. दोन्ही वेळा स्वतःला वाचवलं. पुस्तक आपोआप वाचलं, त्यात माझं पुण्य काही नाही.

२ एप्रिल

प्रुफं. मालक म्हणाले, "बाई म्हणत होत्या भरपूर काटलंय. मला तर जाडजूड वाटते."

"टाइप मोठा आहे."

"हं." मालक पानं मोजतात, वाचत नाहीत. देवानं त्यांना असंच ठेवावं.

११ एप्रिल

प्रुफं तपासताना ती ओळ परत आली. 'एकदाही विचारलं नाही, जेवलीस का.' शुद्धलेखन बघायचं असतं, अर्थ बघायचा नसतो. तरी थांबले. आता राग आला नाही. बाई त्या गच्चीवर पडलेल्या दिसल्या. मधलं धुकं व्हायच्या आधी शेवटचं एकदा डोळे भरून वर बघून घेतलं असेल त्यांनी. आणि घरी आणून, पाठ करून, कुणीतरी मोठ्यानं वाचावं म्हणून माझ्या हातात दिलं.

माझ्या!

१९ मे

माझी कादंबरी ट्रंकेतून काढली. पंखा काटला. स्वल्पविराम काटले. चपलांची ओळ ठेवली. आता ती तेवढीच आहे — एक ओळ. बरं वाटत नाही, पण खरं वाटतं.

२८ जून

पुस्तक आलं. करड्या रंगाचं, साधं. बाईंनी हातात घेऊन वास घेतला, कडा चाचपल्या. "काटूनसुद्धा जाड आहे की!"

"कागद जाड वापरलाय मालकांनी."

"मालकांनी? जाड कागद?" खो-खो हसल्या. "मरणार आता तो माणूस."

मग ताटली पुढे ओढली. "वाच. पहिल्यापासून."

२९ जून

वाचते आहे. नीट, जीव ओतून, एकेक शब्द जपून — गच्ची येईपर्यंत. गच्ची आली की तीच पानं, तिथूनच तिथपर्यंत, तशीच ओलांडते. दुसरं करू काय? छापलेलं पान उलटल्याचा आवाज हस्तलिखितापेक्षा बारीक असतो. तेवढीच देवाची कृपा.

जिना चढली, जिना उतरली. बाईंचे हात एक क्षण थांबले. मग कट, कट.

"बघ," म्हणाल्या, "किती घट्ट झाली. तुझ्यामुळे."

सगळ्या जगाला मिळाली ती पानं. जिनं लिहिली तिला सोडून.

३ जुलै

वहिनी म्हणते, "अजून किती दिवस वाचून दाखवणार?"

म्हटलं, त्या म्हणतील तितके.

"आणि दर वेळी उडी मारणार?"

"हो."

"अगं, एखाद दिवशी पाय घसरेल."

१० जुलै

आत्ता बाईंचा फोन आला होता. कुणी एक वाचक, अनोळखी बाई, सकाळी त्यांना फोन करून रडली म्हणे. म्हणाली, नवरा गेल्यापासून मीही गच्चीवर जाऊन पडते, तुम्हाला कसं कळलं हो ते, 'जेवलीस का'चं?

मी फोन धरून उभी.

मग म्हणाल्या, "उद्या सकाळी ये. पुस्तक घेऊन ये. शेंगा आणू नकोस."